झटका नेमका कशाचा?

मागच्या अंकात या सदरात मी एक ओळ लिहून गेले होते: दवाखान्याच्या कागदावरच्या आजाराला आता जगभर एकच क्रमांक असतो आणि तो क्रमांक ठरवणाऱ्या देशांत भारतही आहे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात मी ३३ वर्षं नोकरी केली. केसपेपर लावणं, डिस्चार्ज झालेल्या फायलींचं कोडिंग करणं म्हणजे आजाराला यादीतला कोड लावणं, कोर्टाचं समन्स आलं की फाईल घेऊन हजर होणं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं विचारू नका. कागदाचं विचारा.

प्रश्न : वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर "टाइप २ डायबेटीस" असं लिहून पुढे ४४०५४००६ असा आकडा छापला आहे. तो त्यांचा केसपेपर नंबर नाही, मोबाईल नंबरही नाही. मग काय आहे? (मानेवाडा)

तो तुमच्या वडिलांचा नंबर नाही, त्यांच्या आजाराचा आहे. मेलबर्नच्या दवाखान्यात एखाद्याला टाइप २ मधुमेह निघाला आणि तिथल्या संगणकात हीच यादी असली, तर त्याच्याही नोंदीत ४४०५४००६ हाच आकडा बसेल. या यादीचं नाव स्नोमेड सीटी. आजार, लक्षणं, शस्त्रक्रिया, शरीराचे भाग, जंतू असं सगळं मिळून साडेतीन लाखांहून जास्त नोंदी तिच्यात आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे.

एका क्रमांकाखाली नावं मात्र कितीही असू शकतात. डॉक्टर "टी टू डीएम" लिहितील, सिस्टर "डायबेटीस" लिहितील, तुमची आई म्हणेल "यांना शुगर आहे". टाइप कोणता ते माहीत नसेल तर नुसत्या मधुमेहाचा वेगळा क्रमांक आहे, ७३२११००९. आणि ४४०५४००६ हा ७३२११००९ चाच एक प्रकार, हे नातंही यादीत नोंदवलेलं आहे. म्हणून "मधुमेहाचे सगळे पेशंट दाखव" म्हटलं की संगणक तुमच्या वडिलांनाही त्यात धरतो.

क्रमांकातल्या आकड्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. जुन्या पद्धतींत पहिल्या अक्षरावरून कळायचं की हा हृदयाचा विकार की पोटाचा. पण एखादा आजार आधी एका गटातला समजला गेला आणि पुढे संशोधनाने दुसऱ्या गटात गेला, की जुना कोड खोटा ठरायचा. इथे आजाराची जागा बदलते, क्रमांक तोच राहतो.

शेवटचा अंक मात्र राखणदार आहे. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर तो अंक हिशेबात बसत नाही आणि संगणक नोंद घेत नाही. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने ही रीत १९६९ साली मांडली. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही याच रीतीने काढतात. आयुष्यभर हाताने आकडे उतरवलेल्या बाईला हे किती मोलाचं वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

प्रश्न : डॉक्टर आजाराचं नाव लिहितातच. त्यावर आणखी क्रमांकाचं ओझं कशाला? (काटोल रोड)

याचं उत्तर माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीत आहे.

एम.डी.चा एक विद्यार्थी प्रबंधासाठी आमच्याकडे आला. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मज्जासंस्थेच्या एका आजाराच्या फायली हव्या होत्या. तेव्हा आम्ही लाकडी खणांतल्या इंडेक्स कार्डांवरून फायली काढायचो. जी ३५ या कोडची कार्डं चाळली, १४ निघाली. शिपायाने शिडी लावून मांडणीवरचे बस्ते खाली आणले आणि विद्यार्थी खिडकीजवळच्या टेबलावर वाचत बसला. तिसरी फाईल उघडल्यावर तो उठून माझ्याकडे आला. "मॅडम, ही तर व्हॉल्व्हची पेशंट आहे."

१४ पैकी ११ फायली हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांच्या होत्या. डॉक्टरांनी "एमएस" लिहिलं होतं, मनात मायट्रल स्टेनोसिस. कोड लावणाऱ्याने मल्टिपल स्क्लेरोसिस वाचलं. ११ पैकी ७ कार्डांवर अक्षर माझं होतं.

त्यातली एक बाई काटोलजवळच्या खेड्यातली, वय २६. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तोच पुढे झडपेवर गेला. पोटुशी असताना धाप लागली म्हणून दाखल झालेली. डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता, म्हणून उपचार बरोबरच झाले. पण माझ्या कार्डावर ती मज्जासंस्थेची पेशंट राहिली. वर्षाच्या अहवालात झडपेच्या रुग्णांचा आकडा त्यामुळे कमी भरला, आणि पुढच्या वर्षी किती सोय लागेल ते त्या आकड्यावरून ठरणार होतं. ती सगळी कार्डं मी दोन रविवार येऊन दुरुस्त केली. ते अजून मनातून जात नाही.

आता मल्टिपल स्क्लेरोसिस २४७००००७ आहे आणि मायट्रल स्टेनोसिस ७९६१९००९. डॉक्टरने संगणकात "एमएस" टाइप केलं तर समोर पूर्ण नावं येतात आणि त्यातलं एक निवडावं लागतं. ज्याने रुग्ण तपासला, निवडही त्याचीच. माझ्यासारख्या कारकुनाने तीन आठवड्यांनी अंदाज बांधायचा नाही.

आणि ही भानगड फक्त इंग्रजी आद्याक्षरांची नाही. मे महिन्यात दुपारी तीनला कोणत्याही कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून पाहा. नातेवाईक धावत येतात, म्हणतात, "झटका आला." आपल्या नागपुरात झटका हार्टचा असतो, फिटचा असतो, लकव्याचा असतो, आणि पारा ४५ च्या वर गेला की उन्हाचाही असतो. चौघांचे उपचार वेगळे, पळवायची दिशाही वेगळी. केसपेपरवर "एच/ओ झटका", म्हणजे "झटका आल्याचं सांगतात", एवढंच लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. यादीत हृदयाचा झटका २२२९८००६, मेंदूचा २३०६९०००७, फिट ९११७५०००. क्रमांक निवडायचा तर डॉक्टरला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, "झटका म्हणजे नेमकं काय झालं हो?" मला या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

प्रश्न : मी नंदनवनमध्ये प्रॅक्टिस करतो. हे सगळं अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये ठरतं आणि आपण मुकाट वापरायचं, असंच ना? शिवाय उद्या पैसे मागितले तर?

डॉक्टर, तुमची शंका रास्त आहे. म्हणून थोडं मागून सांगते.

सुरुवात खरोखरच अमेरिकेत झाली. तिथल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने १९६५ साली पॅथॉलॉजीपुरती एक शब्दसूची केली, पुढे ती वाढत गेली. इकडे इंग्लंडमध्ये लफबरो गावचे जेम्स रीड नावाचे एक जनरल प्रॅक्टिशनर होते, तुमच्यासारखेच. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या संगणकासाठी कोड बांधले आणि ते साऱ्या ब्रिटनच्या दवाखान्यांत पोचले. या दोन्ही याद्या एकत्र करून २००२ मध्ये स्नोमेड सीटी निघाली. मालकी मात्र अमेरिकन कॉलेजचीच राहिली.

अडचण तिथेच होती. एका देशाच्या एका संस्थेच्या मालकीच्या शब्दांवर दुसऱ्या देशाने आपल्या कोट्यवधी रुग्णांच्या नोंदी का टांगाव्यात? २००७ मध्ये नऊ देशांनी मिळून एक ना-नफा संस्था काढली आणि कॉलेजकडून सगळे हक्क विकत घेतले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, लिथुआनिया, नेदरलँड्स, न्यूझीलंड, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका हे ते नऊ. लिथुआनियाची लोकसंख्या आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यापेक्षा कमी, पण तोही पहिल्या दिवसापासून मालकांत. संस्था डेन्मार्कमध्ये स्थापन झाली, आता लंडनहून चालते आणि स्नोमेड इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. सदस्य देशांची संख्या चाळिशी ओलांडून गेली आहे.

भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदस्य देशाला जागा आहे. वर्गणी देशाच्या ऐपतीप्रमाणे ठरते आणि ती सरकार भरतं, त्यामुळे भारतात वापरण्यासाठी तुमच्या खिशातून काही जात नाही. नोंदणी करून परवाना घ्यायचा, तो मोफत आहे. आपल्या देशाचं केंद्र लंडनला नाही, दिल्लीलाही नाही, पुण्याला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे.

इथे मला एक सांगायचंय. यादीत एखादी गोष्ट नसली तर पुण्याच्या केंद्रामार्फत नव्या नोंदीची विनंती करता येते. ती फक्त आपल्याकडेच लागू पडणारी असेल तर भारताच्या स्वतःच्या पुरवणीत जाते, इथली औषधं अशीच गेली आहेत. सगळ्या जगाला लागेल अशी असेल तर मूळ यादीत जाऊ शकते. विनंती तपासताना तीन कसोट्या लावतात. वाचणाऱ्याला अर्थ कळतो का, दोन वेगळ्या माणसांनी वापरला तर अर्थ तोच निघतो का, आणि त्याचा कोणाला उपयोग आहे का. कोणत्याही मंडळाची बैठक बघा डॉक्टर, याहून सरळ कसोट्या तुम्हाला सापडायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर मी धंतोलीत, रामदासपेठेत, मेडिकल चौकात ओळखीच्या पंधरा-वीस डॉक्टरांना विचारलं की तुम्ही कधी अशी विनंती केली का. एकानेही केली नव्हती. "अशी सोय आहे?" असं उलट मलाच विचारलं. बाहेरच्यांनी आपल्यावर लादलं म्हणताना, आपल्या हातात असलेलं दार आपण ढकलूनच पाहिलेलं नाही. हे मला मनापासून लागतं.

दुसऱ्या बाजूची गोष्टही खरी आहे. जे देश सदस्य नाहीत तिथे वापरासाठी वेगळा परवाना लागतो, आणि गरीब शेजाऱ्याला बाहेर ठेवून सगळ्यांची एक भाषा कशी होणार, हा आक्षेप जुना आहे. त्यावर संस्थेने रुग्णाच्या संक्षिप्त नोंदीपुरता एक संच सगळ्यांना मोकळा केला आहे. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी सेवाग्रामला शिकते. आम्हाला आयसीडी शिकवतात. मग ही दुसरी यादी का?

कारण कामं दोन आहेत, बेटा. आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, मोजण्यासाठी आहे. तिचं मूळ १८९३ सालच्या बर्टिलाँ यांच्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. प्रत्येक रुग्ण कुठल्यातरी एकाच खणात टाकायचा, कुठेच बसला नाही तर "इतर" असा खण आहेच. फुप्फुसाचा टीबी आयसीडी-१० मध्ये संसर्गाच्या प्रकरणात सापडतो, श्वसनाच्या प्रकरणात नाही. स्नोमेडमध्ये तो संसर्गही असतो आणि फुप्फुसाचा आजारही असतो, दोन्हीकडून हाती लागतो. नोंद स्नोमेडमध्ये करावी, मोजणी आयसीडीत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायची कोष्टकं आहेत, त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेशी २०१० मध्ये करारही झाला होता.

प्रश्न : मी कुरखेडा भागात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या जुन्या रजिस्टरांत "सिकल पॉझिटिव्ह" असे शिक्के आहेत. आता सॉफ्टवेअरमध्ये भरताना कोणता आजार निवडू?

थांबा. त्या शिक्क्यावरून कोणताच आजार निवडू नका.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. तो शिक्का ज्या पहिल्या चाचणीवरून मारतात ती सोल्युबिलिटी टेस्ट एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एएस असला तरी ती पॉझिटिव्ह येते, एसएस असला तरी येते. एएस म्हणजे वाहक. एक जनुक आईकडून किंवा बापाकडून आलं, पण माणूस साधारणपणे धडधाकट. एसएस म्हणजे ग्रस्त. हातपाय ठणकणं, वारंवार रक्त चढवणं, दवाखान्याच्या खेपा. कोण कुठला ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, केल्याशिवाय ठरत नाही. आयसीडी-१० मध्येही वाहकाचा कोड डी ५७.३ आहे आणि ग्रस्ताचा, त्रास उठलेला नसताना, डी ५७.१. स्नोमेडमध्ये दोघांच्या नोंदी वेगळ्या, आणि सिकलसोबत थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार असला तर त्याचीही वेगळी.

माझ्या खिडकीवर एकदा ब्रह्मपुरीकडची मायलेकींची जोडी आली होती. मुलगी १९ वर्षांची. शाळेतल्या तपासणीचं कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं, घड्यांवर फाटलेलं. त्यावर तोच शिक्का, सिकल पॉझिटिव्ह. सात वर्षं ती घरात आजारी म्हणून वाढली. रोवणीला नेली नाही, सहलीला धाडली नाही, आता दोन स्थळं परत गेली होती. आमच्याकडे ती लहानपणी तापाने भरती झाली होती, त्या फाईलची नक्कल त्यांना हवी होती. फाईल काढली. मागे टाचलेला एक पिवळट रिपोर्ट होता, इलेक्ट्रोफोरेसिसचा. पॅटर्न : एएस. कोणीतरी तपासणी केली होती, रिपोर्ट आला होता, लावलाही होता. समोरच्या पानावर मात्र त्याची ओळच नव्हती.

मी तिला वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवलं, कारण सांगायचा अधिकार त्यांचा. तासाभराने आई परत खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाई, मंग माई पोरगी बिमार नाही ना जी?" मुलगी मागे भिंतीला टेकून रडत होती.

तुमच्या रजिस्टराचं असं करा. सोल्युबिलिटीचा निकाल तपासणीचा निकाल म्हणूनच भरा, निदान म्हणून नाही. ज्यांची पुढची तपासणी झाली आहे त्यांचा रिपोर्ट शोधून वाहक किंवा ग्रस्त हे निदान भरा. ज्यांची झाली नाही त्यांची यादी करून तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात द्या. वाहकाला आजारी ठरवणं जसं वाईट, तसंच ग्रस्ताला नुसतं "पॉझिटिव्ह" म्हणून सोडून देणंही. आणि वाहकांनाही कळायला हवंच, कारण दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ एसएस असण्याची असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा असं त्याचं उद्दिष्ट आहे. एवढ्या लोकांच्या कार्डांवर कुठे "पॉझिटिव्ह", कुठे "एएस", कुठे "सिकल आहे" असं लिहिलं गेलं, तर ती बेरीज कोण करणार? गडचिरोलीची मुलगी नर्सिंगला नागपुरात येते, लग्न होऊन रायपूरला जाते. तिचा कागद तिथल्या डॉक्टरला इथल्यासारखाच नीट कळला पाहिजे. सगळ्या देशांनी मिळून शब्द ठरवणं म्हणजे काय, ते मला त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कार्डावरून कळलं.

प्रश्न : मी महालात वैद्यकी करतो. आमवाताला या याद्यांत स्थान आहे का, की तो र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणूनच लिहायचा?

वैद्यराज, तसं लिहू नका. दोन्हींची लक्षणं जवळ येतात, पण आमवाताची व्याख्या आमावर, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नरसावर, उभी आहे आणि र्‍हुमॅटॉइडची रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडावर. जवळचा म्हणणं वेगळं, तोच म्हणणं वेगळं. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञांसाठी आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये नमस्ते नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे तुमच्या संज्ञांना कोड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये या तिन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र भाग जोडला, तो १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाला. आमवात आमवात म्हणूनच नोंदवा आणि तुमच्या रुग्णाचं दुसरीकडे र्‍हुमॅटॉइडचं निदान झालं असेल, तर ते खाली दुसऱ्या ओळीत लिहा. दोन्ही ओळी खऱ्या आहेत, दोन्ही राहू द्या.

प्रश्न : माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. आमच्या तपासण्यांनाही हेच क्रमांक का?

तुमच्यासाठी वेगळी यादी आहे, लॉइंक. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रीगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये ती सुरू केली आणि ती सगळ्यांना फुकट आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ७१८-७, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ४५४८-४. तपासणी काय केली ते लॉइंक सांगते, त्यातून काय निघालं ते स्नोमेड. दोन्ही संस्था एकमेकींचं काम उगाच दुसऱ्यांदा करू नये म्हणून २०१३ पासून करार करून चालतात.

युनिट सोडू नका, एवढी विनंती. माझ्या शेजारणीने उपाशीपोटीची साखर १२६ आली म्हणून मेलबर्नच्या लेकीला फोटो पाठवला आणि लेक तिकडे रडायला लागली, कारण तिकडे हाच आकडा ७ असा लिहितात. १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर एकच. लॉइंकमध्ये या दोन मोजमापांना दोन वेगळे कोड आहेत, ते याचसाठी.

प्रश्न : आजाराचा नंबर झाला म्हणजे तो गुप्त राहतो ना? (इतवारी)

नाही. क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे, कोणीही तो शोधून अर्थ काढू शकतो. गुप्तता तुमच्या संमतीवर आणि नोंद ठेवणाऱ्याच्या शिस्तीवर आहे. चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक, काढला असेल तर कोणती नोंद कोणाला दिसावी याची परवानगी मोबाईलवर मागितली जाते. ती वाचून द्या. काउंटरवरच्या मुलाच्या हाती फोन देऊन "कर बाबा तूच" म्हणू नका.

प्रश्न : जुने क्रमांक रद्द झाले तर आमच्या जुन्या नोंदींचं काय? (बजाज नगर)

रद्द झालेला क्रमांक पुसत नाहीत. तो वापरातून काढला अशी खूण करतात, का काढला आणि त्याऐवजी कोणता वापरायचा हेही शक्य तिथे लिहून ठेवतात. दुसऱ्या कोणाला तो क्रमांक पुन्हा कधी देत नाहीत. २० वर्षांपूर्वीची नोंद आजही वाचता येते. आमच्या विभागात वाळवी लागलेल्या बस्त्यांतून मी जे वाचवू शकले नाही, त्याची आठवण झाली की या नियमाचं मोल कळतं.

प्रश्न : मी उमरेडला शाळेत शिकवते. जगभरच्या शब्दांचं इतकं चाललंय, तर त्यात मराठी कुठे आहे? पेशंट तर मराठीतच बोलतो.

बाई, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण यावर बरंच बोलायचंय.

क्रमांकाला भाषा नसते. स्पॅनिश आवृत्ती संस्था स्वतः काढते, स्वीडन-डेन्मार्कने आपापल्या भाषांत भाषांतरं करून घेतली आहेत. मराठी नावंही त्याच क्रमांकाखाली बसवता येतील अशी रचना आहे. ३८६६६१००६ या क्रमांकाखाली इंग्रजीत "फीव्हर" आहे, तिथे "ताप" बसायला काहीच अडचण नाही.

अडचण पुढे आहे. "जीव घाबरते" याला काय म्हणाल? रामटेककडची म्हातारी हे म्हणते तेव्हा कधी छातीत धडधडतं, कधी मळमळतं, कधी नुसती भीती वाटते. डॉक्टर घाईत "अँग्झायटी" लिहितो, आणि तिचं हार्ट तपासायचं राहून जातं. "चक्कर" घ्या. खोली गरगर फिरली तर ती एक गोष्ट, कानाच्या आतल्या तोलाशी तिचा संबंध असू शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर दुसरी, तिथे रक्तदाब पाहावा लागतो. यादीत या दोन नोंदी वेगळ्या आहेत. आपण दोन्हींना चक्कर म्हणतो. पण आपल्याकडे घेरी आहे, भोवळ आहे, अंधारी आहे, गुंगी आहे. आमच्या आजीच्या तोंडी घेरी आणि भोवळ कधी एकमेकींच्या जागी आले नाहीत. हे शब्द नीट लावून घेतले तर मराठीत उलट इंग्रजीपेक्षा बारकाईने विचारता येईल, असं मला ठामपणे वाटतं.

हे काम पुण्याच्या किंवा लंडनच्या खोलीत बसून होणार नाही. तिथली माणसं कसोट्या लावतील, पण कोणता शब्द कोणत्या त्रासासाठी वापरतात ते आपणच सांगायचं. मी एक दोनशेपानी वही केली आहे. तिच्यात आजवर ६३ शब्द झाले आहेत. उसण, चमक, वारं गेलं, तोंड आलं, कावलं, अंग मोडून येतं, हातापायातलं बळ गेलं. वही भरली की ओळखीच्या दोन डॉक्टरांकडून प्रत्येक शब्दापुढचा अर्थ तपासून घेणार आहे, आणि मग विनंतीच्या नमुन्यात पुण्याला पाठवणार आहे.

तुमच्या शाळेतल्या मुलांना कामाला लावा. घरच्या आजीला विचारायचं, "घेरी आली म्हणजे काय झालं, खोली फिरली की डोळ्यांपुढे काळं आलं?" आजी जे म्हणेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. खाली तीन गोष्टी लिहायच्या : गाव, आजीचं वय, आणि तेव्हा आजीने काय केलं. खाली बसली, पाणी प्याली, की भिंत धरली. भिंत धरली असेल तर तेही लिहायचं, डॉक्टरला त्यावरून कळतं. आजीचं नाव लिहू नका. पत्रं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, दिवाळी अंकाचं काम सुरू होण्याआधी आली तर मला वाचायला सवड मिळेल.